व्याजाची मर्यादा कोणाला लागू?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खासगी कर्जाच्या जाचाची बातमी आली की ‘व्याजाला कायद्याने मर्यादा आहे’ हे वाक्य तिच्यात हमखास असते. ते अर्धेच खरे आहे, आणि मुंबईत कर्ज काढणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ते उपयोगाचेही नाही.

मर्यादा आहे ती महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, 2014 खाली. परवानाधारक सावकाराने शेतकऱ्याकडून तारणावर वर्षाला 9 आणि विनातारण 12 टक्के, इतरांकडून 15 आणि 18 टक्के, याहून जास्त घ्यायचे नाही. म्हणजे मुंबईकराला विनातारण कर्ज महिना शेकडा दीड रुपयाने. एकूण व्याज मुदलाच्या वर जाता कामा नये, रक्कम कोरी ठेवलेल्या कागदावर सही घेता येत नाही, भरलेल्या पैशाची पावती द्यावीच लागते.

मंडईत ‘दहा टक्क्यांनी’ पैसे फिरवणारा महिन्याचे दहा म्हणत असतो. रोजच्या वसुलीचा हिशेब त्याहून फसवा: 10 हजारांतले हजार आधीच कापून 9 हजार हातात, मग रोज 100 रुपये, 100 दिवस. ऐकायला दहाच टक्के. पण मुद्दल रोज घटत असते, त्यामुळे वार्षिक दर 75 टक्क्यांच्या वर जातो. विनापरवाना सावकारीला कलम 39 खाली पाच वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तक्रार पोलिसांबरोबरच सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडेही करावी. झडती घेऊन कागद जप्त करण्याचा अधिकार सहकार खात्याला आहे. सोबत यूपीआयच्या नोंदी, दिलेल्या कोऱ्या चेकचे नंबर आणि व्हॉट्सअॅपवरचे तगादे जोडावेत. नुसत्या तोंडी तक्रारीवर प्रकरण टिकत नाही.

बँका आणि रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्या मात्र या मर्यादेच्या बाहेर. राज्यांचे सावकारी कायदे अशा कंपन्यांना लागू नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने मे 2022 मध्ये केरळ व गुजरातच्या प्रकरणांत स्पष्ट केले. मायक्रोफायनान्स कंपन्यांवरची दराची कमाल मर्यादा त्याच वर्षी एप्रिलपासून उठली. क्रेडिट कार्डावर 30 टक्क्यांहून जास्त व्याज म्हणजे अनुचित व्यापारप्रथा, हा ग्राहक आयोगाचा 2008 चा निर्णयही डिसेंबर 2024 मध्ये रद्द झाला. आता दर ‘अवाजवी’ नसावा, एवढाच दंडक उरला, आणि अवाजवी म्हणजे किती, हे आकड्यात कुठेही लिहिलेले नाही.

म्हणून ‘फ्लॅट’ दर, म्हणजे मुद्दल फिटत गेले तरी शेवटपर्यंत मूळ रकमेवरच मोजलेला दर, विचारून थांबू नये. 50 हजारांचे कर्ज, 12 हप्ते, फ्लॅट 18 टक्के: व्याज 9 हजार, हप्ता सुमारे 4,917 रुपये. घटत्या शिलकीवर हाच दर 31 टक्क्यांच्या पुढे जातो. दोन टक्के प्रोसेसिंग फी आणि तिच्यावरचा जीएसटी आधीच कापला, तर 36 च्या पुढे.

शुल्कासकट निघणारा हा खरा वार्षिक दर म्हणजे एपीआर (अॅन्युअल पर्सेंटेज रेट). 1 ऑक्टोबर 2024 पासून नव्या किरकोळ मुदत कर्जांसाठी तो केएफएस (की फॅक्ट्स स्टेटमेंट), म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींच्या पत्रकात छापणे सक्तीचे आहे. पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत हवे, तेव्हा मराठीतच मागावे. सात दिवस किंवा जास्त मुदतीच्या कर्जात ते वाचून ठरवायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. ‘ऑफर आजच संपते’ म्हणणाऱ्याला हे ऐकवावे. पत्रकात नसलेले शुल्क स्पष्ट संमतीशिवाय लावता येत नाही. लावले, तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार. 30 दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, तेही फुकट. फक्त ‘दर जास्त आहे’ एवढ्यावर मात्र तिथे भागत नाही. बोट न सांगितलेल्या शुल्कावरच ठेवावे.

आणि आपल्याही छोट्या जाहिरातींत ‘महिना फक्त दीड टक्का’ छापण्यापूर्वी जाहिरातदाराकडून एपीआर मागून घ्यावा, ही विनंती.

— एक वाचक, परळ, मुंबई