वडगावचा विजय आणि साष्टीचा हिशेब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मराठे आणि इंग्रज यांच्यातील वडगावच्या लढाईवरील आपल्या रविवार पुरवणीतील लेख वाचला. लढाईचे वर्णन उत्तम आहे; परंतु लेख जानेवारी १७७९ मधील कराराशी थांबतो आणि त्यामुळे इंग्रजांनी घेतलेला मुलूख परत मिळाला असा वाचकाचा समज होतो. मी ठाण्याचा रहिवासी असल्याने हा समज मला विशेष खटकला, कारण त्या करारात परत करावयाच्या मुलखांत साष्टी, म्हणजे ठाणे ज्यात येते ते मुंबईलगतचे बेट, होती, आणि साष्टी कधीच परत आली नाही.

मुंबईकरांनी, म्हणजे मुंबईच्या इंग्रजांनी, १७७४ च्या डिसेंबरअखेर ठाण्याचा किल्ला घेतला. पुढे सुरतेच्या तहात राघोबादादांनी साष्टी आणि वसई त्यांच्या नावे लिहून दिली, आणि हा सौदा पदरात पाडून घ्यायचा तर दादांना पुण्याच्या गादीवर बसवणे भाग होते. त्यासाठीच नोव्हेंबर १७७८ मध्ये सुमारे चार हजारांची फौज मुंबईहून निघाली. मोहिमेचा कारभार एका समितीच्या हाती होता. तिच्यातील मॉस्टिन हा पुणे दरबाराची खडान्‌खडा माहिती असलेला गृहस्थ आजारी पडून वारला, सेनापती एगर्टनलाही आजारपणामुळे सूत्रे कॉकबर्नकडे द्यावी लागली, आणि हजारो बैलांचे लटांबर घेऊन ही फौज घाट चढून गोगलगाईच्या चालीने पुढे सरकत राहिली. कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट तोफेच्या गोळ्याने पडला. मराठ्यांनीच त्याला ‘इष्टुर फाकडा’ म्हटले. शत्रूच्या शौर्याला असे नाव देणारी माणसे त्या छावणीत होती, हे मला त्या विजयाइतकेच मोलाचे वाटते.

९ जानेवारीला तळेगाव गाठले तेव्हा गाव जाळून मोकळे केलेले होते, दाणा-वैरण नव्हती. दादांच्या नावावर फितून येणारे सरदारही कुठे दिसेनात. दोन दिवसांनी रात्रीच्या अंधारात अवजड तोफा तळ्यात ढकलून फौज मागे फिरली आणि वडगावात कोंडली गेली.

इथपर्यंत लेखाशी माझा वाद नाही. प्रश्न आहे तो त्यानंतरचा. थोरल्या माधवराव पेशव्यांच्या निधनानंतर घेतलेला सर्व मुलूख परत करावा, बंगालहून येणारी फौज मागे फिरवावी, दादांना स्वाधीन करावे अशी कलमे ठरली. महादजी शिंद्यांसाठी भडोचच्या उत्पन्नाची वेगळी तजवीजही झाली. वस्तुतः असा तह करण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे समितीने बोलणी चालू असतानाच सांगितले होते. तरीही दोन ओलीस ठेवून घेऊन फौज सोडण्यात आली. ती घाट उतरते न उतरते तोच समितीतील कारनॅकने शब्द फिरवला, आणि फेब्रुवारीअखेर बंगालच्या फौजेचा सेनापती गॉडर्ड सुरतेला येऊन ठेपला. मुंबईकरांनी आणि कलकत्त्याचा गव्हर्नर-जनरल हेस्टिंग्ज याने तो करार मानलाच नाही. कंपनीच्या संचालकांनी कारनॅक, एगर्टन आणि कॉकबर्न यांना बडतर्फ केले, पण मुलूख सोडला नाही. शिंद्यांच्या कैदेत जाऊ घातलेले दादासुद्धा वाटेतून निसटून गॉडर्डला जाऊन मिळाले.

मग वडगावने मिळवले काय? माझ्या मते, त्या कागदाहून कितीतरी अधिक. कंपनीचा पराभव होऊ शकतो हे दिसल्यावरच नाना फडणिसांना म्हैसूरचा हैदर, निजाम आणि नागपूरकर भोसले यांची मोट बांधता आली. निजाम फुटला, भोसल्यांना पैसे देऊन शांत ठेवले गेले. हैदर मात्र १७८० च्या पावसाळ्यात कर्नाटकात (म्हणजे आताच्या तमिळनाडूतील मद्रासभोवतीच्या मुलखात) उतरला आणि सप्टेंबरात पोल्लिलूर येथे त्याने व टिपूने बेली या इंग्रज अधिकाऱ्याची फौज बुडवली. मद्रासवर असे संकट कोसळल्यामुळेच, अहमदाबाद, वसई आणि ग्वाल्हेर जिंकूनही हेस्टिंग्जला तहाची घाई झाली. मे १७८२ मधील सालबाईच्या तहाने सवाई माधवराव हेच पेशवे हे मान्य झाले, दादांना महिना २५ हजारांच्या नेमणुकीवर बसावे लागले आणि वसई परत आली. नानांनी तर हैदर जिवंत असेपर्यंत त्यावर मान्यतेची मोहोर उठवली नाही. त्यांच्या मुत्सद्देगिरीचा हा पैलू लेखात यायला हवा होता.

साष्टी मात्र कंपनीकडेच राहिली. पुण्याच्या गादीवर आपला माणूस बसवण्याचा डाव कंपनीने पुढे दादांच्याच मुलाला, दुसऱ्या बाजीरावाला, हाताशी धरून ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईच्या तहाने साधला. सालबाईनंतर हा डाव साधायला कंपनीला जी वीस वर्षे थांबावे लागले, त्याचे मूळ वडगाव ते सालबाई या तीन वर्षांत आहे. पुरवणीत या विषयावर आणखी एक लेख देणार असाल, तर तो १७७४ सालच्या ठाण्याच्या किल्ल्यापासून सुरू करावा, एवढी विनंती. त्या किल्ल्यात आता कारागृह आहे.

आपला,
एक नियमित वाचक, ठाणे