दादा रंगवतोय!

प्रिय बंड्या,

तब्येत बरी, गुडघा कुरकुरतोच. मुद्द्यावर येतो. दादा चित्रं रंगवतोय! ज्यानं तुझ्या ड्रॉइंगच्या वहीत हिशेब मांडला आणि वर "रेघोट्या ओढून कुणाचं भलं झालंय?" म्हणून तुलाच झापलं, तोच. यातली गंमत तुझ्याशिवाय कुणाला कळणार?

केमोला तासन्‌तास बसायचं म्हणजे त्याला शिक्षा. सुई दिसली की तळहाताला घाम. वॉर्डात आर्ट थेरपीच्या बाई येतात. त्यांनी आधी कोरा कागद दिला, तर हा आणखीच बावरला. मग मंडलाची, म्हणजे गोलात पाकळ्या-पाकळ्यांची, छापील नक्षी आणली. डावखुरा म्हणून सिस्टरनं सुई उजव्या हाताला लावली, कागद पॅडला चिकटपट्टीनं डकवला. पांढऱ्या पेशी उतरलेल्या, संसर्गाची भीती, त्यामुळे पेन्सिली फक्त त्याच्या, दुसऱ्या कुणाच्या हाताला लागलेल्या नाहीत. गडी एकेक पाकळी भरत बसला. औषधाचा पंप बोंबलायला लागला तर सिस्टरलाच म्हणतो, "थांबा, कोपरा राहिलाय."

मी लगेच वाचत सुटलो, माझी खोड तुला ठाऊक. 2005 च्या एका प्रयोगात मंडला भरणाऱ्यांची घालमेल कमी झाली, कोऱ्या कागदावर मनाला येईल ते काढणाऱ्यांची नाही. 2016 च्या दुसऱ्यात 45 मिनिटं रंगकाम, मातीकाम केल्यावर 39 पैकी सुमारे 75 टक्के जणांचं कॉर्टिसॉल (ताणाचं संप्रेरक) उतरलं, चित्रकलेचा गंध असो वा नसो. पण पहिली कॉलेजची पोरं, दुसरीही धडधाकट. स्कॅनच्या आदल्या रात्री टक्क जागणारं त्यात कुणी नव्हतं.

माझा जीव तिथंच अडकलाय. रंगवताना शांत असतो, कबूल. पण पूर्वी घाबरला की शिव्या तरी घालायचा, आता पेन्सिल उचलतो. भीती ओसरतेय की नुसती दडतेय? परवा अख्खा मंडला काळा भरला. मी धसकलो. बाई म्हणाल्या, "तुम्ही अर्थ लावू नका, त्यांनाच विचारा." विचारलं, तर म्हणाला, "बाकीच्यांची टोकं मोडली होती." खरं की टाळलं मला? तू जन्मभर पोरांची चित्रं तपासलीस, तूच सांग. ("मी तेव्हाच म्हणत होतो" हे एकदाच म्हण, नेहमीसारखं चारदा नको.)

तुझ्या बदलीचं काय झालं? वहिनींना नमस्कार. धाकटीचा निकाल कळव.

स्कॅन पुढच्या आठवड्यात आहे. त्याआधी तुझ्या हातच्या दोन-तीन नक्ष्या पाठव. त्यानंच तुझं नाव काढलं. फार सोप्या नकोत, म्हणे.

तुझा,
नान्या