रविवारी सकाळी मी फोन का उचलत नाही

प्रिय आई, बाबा,

नमस्कार. मी मजेत आहे, जेवते नीट, झोपतेही वेळेवर, आणि आई, परवा आवाज बारीक वाटला तो नेटवर्कमुळे, सर्दीबिर्दी काही नाहीये. ऑफिसचं तुम्हाला माहितीच आहे, तेच चालू आहे. बाबा, पेपरात ले-ऑफच्या बातम्या वाचून तुम्ही दादाला रात्री फोन करता असं कळलं. आमच्या टीमला सध्या काही धोका नाही, आणि उद्या काही झालंच तर काही महिने निघतील एवढे पैसे मी वेगळे ठेवलेत, त्यामुळे ती काळजी आता सोडा.

तुमचा रविवार सकाळचा फोन मी उचलत नाही म्हणून आई रागावली आहे. तुमचे सकाळचे आठ-साडेआठ म्हणजे इथे कॅलिफोर्नियात शनिवारची रात्र, आणि तेव्हा मी थिएटरमध्ये असते. मॉलमधलं नाही. पालो आल्टोला युनिव्हर्सिटी अॅव्हेन्यूवर स्टॅनफर्ड थिएटर म्हणून आहे, 1925 सालचं. आपल्या घरी एचपीचा प्रिंटर आहे ना, त्यातल्या पॅकार्डच्या नावाच्या फाउंडेशननं 1987 मध्ये ते घेतलं आणि पुन्हा अगदी जुन्यासारखं करून दिलं. तिथे बहुतेक जुने हॉलिवूडचे सिनेमे लागतात, तेही खऱ्या पडद्यावर, एका तिकिटात दोन. स्टेशनवरून पाच मिनिटं चालत, रस्त्यावर भरपूर माणसं असतात, आणि मी एकटी जात नाही. (कोणाबरोबर जाते ते खाली लिहिलंय, आधी हे वाचा.)

इथली एक गोष्ट मला अजूनही नवल वाटते म्हणून नीट सांगते. सिनेमा सुरू व्हायच्या आधी पडद्यासमोर जमिनीखालून एक भलामोठा ऑर्गन वर येतो, वाजवणाऱ्या माणसासकट. तो पाठमोरा बसून जुनी गाणी वाजवतो, लोक गप्पा मारत पॉपकॉर्न खातात, आणि मग तो वाजवत वाजवतच खाली जातो आणि दिवे मालवतात. इथपर्यंत ठीक. पण नंतर पडद्यावर नावं यायला लागली की लोक टाळ्या वाजवतात! कॅरी ग्रँटचं नाव आलं, टाळ्या. बार्बरा स्टॅनविकचं आलं, टाळ्या. अहो, ही माणसं जाऊन कित्येक वर्षं झाली, टाळ्या ऐकायला कोणी नाही, तरी सत्तरीच्या आज्या आणि कॉलेजची पोरं एकत्र वाजवतात. आपल्याकडे टाळ्या-शिट्ट्या हिरो पडद्यावर आला की पडतात, इथे नुसत्या नावाला पडतात, आणि सिनेमा सुरू झाला की चिडीचूप. मला आधी वाटलं कोणाचा तरी वाढदिवस असेल. नाही, हे दर वेळेलाच. आता मीही वाजवते, आणि मनापासून वाजवते.

कसले सिनेमे म्हणाल तर साधारण 1934 ते 1942 मधल्या रोमँटिक कॉमेड्या, ज्यांना स्क्रूबॉल म्हणतात. बाबा, तुम्हाला यातला एक तोंडपाठ आहे. राज कपूर-नर्गिसचा 'चोरी चोरी' 1956 चा, आणि आईचा आवडता 'दिल है के मानता नहीं' 1991 चा, दोन्हींचं मूळ 'इट हॅपन्ड वन नाइट', 1934. बापाच्या घरातून पळालेली श्रीमंत मुलगी आणि नोकरी गेलेला पत्रकार बसमधून निघतात, तीच गोष्ट. त्याला पाच मोठी ऑस्कर एकदम मिळाली, सिनेमा, दिग्दर्शक, नट, नटी, पटकथा, सगळी. त्यात क्लार्क गेबल त्या मुलीला डोनट कॉफीत बुडवायला शिकवतो, की जास्त वेळ ठेवू नकोस, मऊ पडून आत गळून पडेल, बुडव आणि लगेच तोंडात टाक. बाबा, तुम्ही मला पार्ले-जी चहात बुडवायला शिकवताना हेच सांगायचात. तेव्हा अंधारात मला एकदम घर आठवलं. रडले वगैरे नाही, उगाच काळजी करू नका.

त्या दिवसांत अमेरिकेत मंदी होती, 1933 मध्ये चारातला जवळजवळ एक माणूस बेकार होता. लोक श्रीमंतांची फजिती बघायला यायचे आणि हसून घरी जायचे, हे मला फार पटतं. आणि 1934 च्या मध्यापासून सेन्सॉर इतकं कडक झालं की नवरा-बायकोलाही एका पलंगावर दाखवणं अवघड. मग लिहिणाऱ्यांनी सगळं प्रेम बोलण्यात आणि भांडणात घातलं. 'इट हॅपन्ड वन नाइट' तर हे कडक व्हायच्या थोडा आधीचा, पण त्यातही एका खोलीत झोपायची वेळ येते तेव्हा मध्ये दोरी बांधून त्यावर ब्लँकेट टाकतात, आणि ब्लँकेटच्या दोन्ही बाजूंनी बोलत राहतात. मिठ्या मारून जे होत नाही ते त्या बोलण्यात होतं, खरंच सांगते.

आई, तू विचारलंस की घटस्फोटाचे सिनेमे कशाला बघतेस. तो 'द ऑफुल ट्रुथ', 1937 चा. नवरा-बायको कोर्टात कुत्रं कोणाकडे राहणार यावरून भांडतात, जज म्हणतो कुत्र्यालाच ठरवू दे, आणि बायको हळूच त्याचं खेळणं दाखवून त्याला आपल्याकडे वळवते. पण तो सिनेमा वेगळं होण्याचा नाहीये गं. ती दोघं पुन्हा एकमेकांकडे येतात, कारण त्यांच्याएवढं मजेचं दुसरं कोणी त्यांना भेटतच नाही. 'हिज गर्ल फ्रायडे' मध्ये तर रोझलिंड रसेल आणि कॅरी ग्रँट एकमेकांची वाक्यं संपूच देत नाहीत. ती त्यात पत्रकार आहे; मूळ नाटकात तो पत्रकार पुरुष होता, दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सनं त्याची बाई केली, आणि त्या बाईला कोणी गप्प बस म्हणत नाही, उलट तिच्या बोलण्यावरच तो फिदा असतो. 1940 साली! मला वाटतं हे सिनेमे अजून ताजे वाटतात ते याच्यामुळे. कपडे जुने झाले, गाड्या जुन्या झाल्या, पण दोन माणसं बरोबरीनं बोलतायत आणि दोघांनाही त्याची मजा येतेय, हे बघायला अजून छान वाटतं.

आजीला सांगा, कोल्हापूरही तेव्हा मागे नव्हतं. 'ब्रिंगिंग अप बेबी' मध्ये कॅथरिन हेपबर्न बिबट्या घेऊन त्या बिचाऱ्या शास्त्रज्ञाच्या मागे लागते तो 1938 चा, आणि आपल्या मास्टर विनायकांचा 'ब्रह्मचारी' पण 1938 चाच. तिथेही नायिकाच पुढाकार घेते, नायक नुसता पळतो. पणजीनं तो चोरून पाहिला होता ना? आजीकडून ती गोष्ट रेकॉर्ड करून पाठवा, मला तिच्या आवाजात हवी आहे.

आता पुण्याचं स्थळ. आई, मुलगा चांगला असेलच, मावशीनं सुचवलाय म्हणजे असणारच. पण फोनवर मी पंधरा मिनिटं बोलले आणि त्यानं एकदाही मला उलटं काही विचारलं नाही, नुसतं हो-हो केलं. मावशीला सांभाळून नाही कळव, तिला वाईट वाटणार हे मला माहितीये आणि त्याचं मला खूप वाटतंय. दादानं तुम्हाला अर्धवट सांगितलंय ते पूर्ण सांगते. सिनेमाला ज्याच्याबरोबर जाते तो नागपूरचा आहे, दुसऱ्या कंपनीत आहे, आणि सिनेमा संपल्यापासून ट्रेन येईपर्यंत आमचं वाजत असतं की कोणाचं बरोबर होतं, हिरोचं की हिरोइनचं. अजून ठरलेलं काही नाही, त्याच्या घरीही तो याच आठवड्यात बोलणार आहे, तुम्हाला आधी कळावं म्हणून लिहिलं. व्हिडिओ कॉलवर एकदा बोला त्याच्याशी. जातपात विचारायच्या आधी बोला, एवढंच माझं म्हणणं आहे.

गणपतीला यायला जमत नाहीये. व्हिसाच्या स्टॅम्पिंगची तारीख मिळत नाही आणि तिकडे अडकले तर नोकरीचा प्रश्न. सलग दुसऱ्या वर्षी आरतीला मी नसणार, वहिनी एकटी मोदक करणार, बाबा मूर्ती आणायला एकटे जाणार, हे लिहायलाच नको वाटत होतं म्हणून शेवटी लिहितेय. दीड लाख पाठवलेत, त्यातले गच्चीच्या वॉटरप्रूफिंगला लागतील तेवढे वापरा आणि बाकीच्यात बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन करून टाका, पावसाळा संपेपर्यंत थांबू म्हणू नका. पैसे परत करायची भाषा नको. आणि इथून पुढे रविवारी दुपारी बाराला फोन करत जा, तोपर्यंत मी घरी पोचलेली असते आणि जागी असते.

तुमची,
छोटी