मशाल त्याच्या हाती हवी होती

महोदय,

धावपटूंच्या बुटांची आणि जाहिरात-करारांची चर्चा वाचली की मला लंडनचा सिडनी वूडरसन आठवतो. वकिलीच्या कचेरीत काम करणारा, जेमतेम साडेपाच फुटी, किरकोळ अंगाचा, चष्मेवाला. रस्त्यात दिसला असता तर धावपटू म्हणून कुणी ओळखलाही नसता! कचेरी सांभाळून ब्लॅकहीथ हॅरियर्स क्लबकडून धावायचा. हौशी खेळाडूने पैसे घ्यायचे नाहीत, असा तेव्हाचा कडक नियम.

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये दुखऱ्या घोट्यामुळे तो पहिल्याच फेरीत बाद झाला. पुढच्याच वर्षी, २८ ऑगस्टला, मॉट्सपर पार्कवर त्याने मैलाचा विश्वविक्रम केला: ४ मिनिटे ६.४ सेकंद. १९३८ मध्ये ८०० मीटरचाही. मग महायुद्ध आले, दोन ऑलिंपिक गेली. १९४४ मध्ये संधिवाती तापाने महिनोन्‌महिने रुग्णालयात. तरी १९४६ मध्ये ऑस्लोला ५००० मीटरचे युरोपीय सुवर्ण त्यानेच जिंकले. त्या शर्यतीत पुढे ऑलिंपिक गाजवणारा झेकोस्लोव्हाकियाचा धावपटू एमिल झाटोपेक पाचवा होता.

१९४८ च्या लंडन ऑलिंपिकची ज्योत पेटवणारी अखेरची मशाल मात्र वूडरसनऐवजी केंब्रिजच्या एका उंच, देखण्या धावपटूकडे दिली गेली. मला हे अजून खुपते.

– एक वाचक, सातारा