इअरप्लग वाटून भागत नाही

मा. संपादक,

इचलकरंजी, भिवंडी, मालेगावच्या यंत्रमाग कामगारांच्या पगारावर, वीजदरावर बरंच छापून येतं. त्यांच्या कानांवर सहसा कोणी लिहीत नाही.

साध्या मागाच्या शेडमधला आवाज 100 डेसिबलच्या आसपास जातो. धोट्याला (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या भागाला) दर फेरीला बसणारा फटका हे त्याचं मोठं कारण. कारखान्यांच्या नियमांतला तक्ता 8 तासांना 90, 4 तासांना 95 आणि 2 तासांना 100 डेसिबल एवढीच मुभा देतो. पाळी मात्र अनेक ठिकाणी 12 तासांची. म्हणजे सकाळचा चहा येईस्तोवर दिवसभराचा वाटा संपलेला असतो. शिवाय पुष्कळ शेड इतक्या लहान, की त्या कारखान्याच्या व्याख्येतच बसत नाहीत. तपासायला येणार कोण?

उपाय म्हणून बहुतेक जण कापसाचा बोळा घालतात. त्याने आवाज जेमतेम दबतो. फोमचे इअरप्लग चांगले आणि स्वस्तही, पण ते घालायचे कसे हे कोणी दाखवत नाही. कानाच्या तोंडाशी नुसता अडकवलेला प्लग जवळपास निरुपयोगी.

आधी हात धुऊन कोरडे करावेत. मागाचं तेल लागलेली बोटं कानाजवळ नकोत. प्लग सुरकुती न पडू देता सुतळीसारखा बारीक वळावा. उजव्या कानासाठी डावा हात डोक्यावरून नेऊन कान वर आणि मागे ओढावा. कानाची नळी वाकडी असते, ती त्याने सरळ होते. लगेच प्लग आत सरकवून 20 ते 30 सेकंद बोटाने धरून ठेवावा. घाईत नेमकं हेच राहतं आणि फुगणारा फोम बाहेर सरकतो. मग माग चालू असताना दोन्ही कान तळहातांनी घट्ट झाकून पाहावेत. आवाज आणखी बराच कमी झाला तर प्लग नीट बसलेला नाही. काढून पुन्हा घालावा.

प्लग मध्येच काढला तर काय होतं, याचा हिशोब डोळे उघडणारा आहे. 30 डेसिबल अडवणारा प्लग 8 तासांत फक्त अर्धा तास काढून ठेवला, तर पदरात पडणारं संरक्षण साधारण 12 डेसिबलवर येतं. बोलण्यासाठी शेडबाहेर यावं, प्लग तिथेच काढावा. सारखी ये-जा असणाऱ्या जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या कारागिराला, दोरीचे सिलिकॉन प्लग सोयीचे.

‘प्लग घातला तर माग बिघडल्याचं कळत नाही’ ही तक्रार खोटी नाही, पण ती बहुधा ज्यांचं ऐकणं आधीच उतरलंय त्यांची असते. त्यांना कमी डेसिबल अडवणारे प्लग द्यावेत. आणि मागाच्या आवाजावर मात करायला इअरफोन लावून गाणी ऐकणं तर आगीत तेलच.

आवाजाने जाणारी श्रवणशक्ती आधी 3000 ते 6000 हर्ट्झमध्ये, म्हणजे उंच सुरांमध्ये, बहुधा 4000 जवळ घटते. बोलणं ऐकू येतं, पण ‘स’, ‘फ’ निसटतात. म्हणून घरचे ‘ऐकून न ऐकल्यासारखं करतो’ म्हणतात. कानातल्या मेलेल्या पेशी पुन्हा उगवत नाहीत, त्यामुळे ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची चाचणी, कामाला लागतानाच एकदा आणि नंतर दरवर्षी हवी. चाचणीपूर्वी किमान 14 तास कान शांत हवेत. रात्री आठला पाळी सुटली तर दुसऱ्या दिवशी, सुट्टी असेल तेव्हाच, सकाळी दहानंतर. नाहीतर तात्पुरती बधिरता कायमची म्हणून नोंदली जाते.

यंत्रमागधारक आणि कामगार संघटनांनी हे निदान नव्या कामगारांपासून सुरू करावं. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्याने व्यावसायिक रोग आहे आणि भरपाईस पात्र आहे. मात्र पहिल्या दिवशीचा ऑडिओग्राम (त्या चाचणीचा आलेख) हाती नसेल, तर ते मागामुळे आलं हे सिद्ध करताना कामगाराच्या नाकी नऊ येतात. चाचणीची एक प्रत त्याच्याच घरी राहावी.

— व्यावसायिक आरोग्य क्षेत्रातील एक वाचक, कोल्हापूर