सोनोग्राफीची खोली गाठ असलेल्या बाईसाठीही उघडा

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

स.न.वि.वि.

मी धाराशिव जिल्ह्यात आरोग्य सेविका म्हणून नोकरी केली, आता निवृत्त आहे. मागणी एकच आहे, ती आधीच सांगते. मराठवाड्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस स्तनाच्या सोनोग्राफीसाठी राखून ठेवा, आणि संशय आला तर त्याच दिवशी, तिथेच गाठीचा तुकडा काढायची सोय करा.

आपल्या देशात बायकांना सर्वाधिक होणारा कर्करोग स्तनाचा आहे. 30 ते 65 वयाच्या प्रत्येकीची 5 वर्षांतून एकदा हाताने तपासणी करायची, असं केंद्राने 2016 साली ठरवून दिलं. प्रत्यक्षात 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांमागे अशी तपासणी कधीकाळी झालेली एकसुद्धा भरत नाही. हाताची तपासणी कमी मोलाची नाही, साहेब. मुंबईत टाटा रुग्णालयाने सुमारे दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. आजार लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढच्या बायकांमधले मृत्यू जवळपास 30 टक्क्यांनी कमी झाले.

घोडं अडतं ते गाठ सापडल्यानंतर. उपकेंद्रात पडदा ओढून तपासताना बाई म्हणते, "दुखत तर नाही ना सिस्टर, मग कशाला?" दुखत नाही म्हणूनच दाखवायला हवं, हे तिला पटवावं लागतं. मग चिठ्ठी लिहायची. ती चिठ्ठी घेऊन तालुक्याला गेली की कळतं, आज मशीन फक्त गरोदर बायांसाठी आहे. जिल्ह्याला जा म्हणतात. जिल्ह्याला जायचं म्हणजे रोज बुडतो, सोबत कुणीतरी लागतं, आणि घरात काय सांगायचं हा प्रश्न असतोच. चिठ्ठी ट्रंकेत साड्यांखाली जाते. पुन्हा भेटते तेव्हा वरची कातडी ओढली गेलेली असते आणि काखेतही गाठ लागते.

सोनोग्राफीने गाठ पाण्याची आहे की भरीव, हे लगेच कळतं. पाण्याची असली तर बहुतेक वेळा बाई निर्धास्त घरी जाते. तरुण बायकांचे स्तन घट्ट असतात, मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, गाठ त्यात लपते. जपानमध्ये चाळिशीतल्या बायकांना मॅमोग्राफीच्या जोडीला सोनोग्राफी दिली, तेव्हा जास्त कर्करोग हाती लागले. मात्र सरसकट सगळ्यांची सोनोग्राफी करा असं मी म्हणत नाही. कधीकधी कर्करोगाची पहिली खूण असणारे चुन्याचे बारीक कण सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाहीत, आणि निरुपद्रवी गाठींमुळे विनाकारण सुया टोचल्या जातात. तपासणीत जिची गाठ हाताला लागली आहे, तिला मात्र सोनोग्राफी मिळालीच पाहिजे.

आता कायद्याबद्दल. 2011 च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात हजार मुलग्यांमागे 807 मुली होत्या. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा 1994 चा कायदा आणि पोर्टेबल मशीनवरचे निर्बंध कशासाठी आले, ते आम्हा सेविकांइतकं कुणाला ठाऊक? त्यात तसूभरही ढिलाई नको. म्हणूनच फिरती व्हॅन मागत नाही, नोंदणी झालेल्या खोलीतलंच मशीन मागते. त्याला लिनिअर प्रोब, म्हणजे कातडीवर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग, जोडून द्या. तो कातडीखालचे काही सेंटीमीटरच स्पष्ट दाखवतो, म्हणून पोटातला गर्भ पाहायला सहसा उपयोगी पडत नाही. महिला वैद्यकीय अधिकाऱ्यांना संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात शिकवून नियमानुसार पात्र करा. तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून वैद्यकीय महाविद्यालयात पाठवता येतो, त्यासाठी बाईला एसटीत बसवायची गरज नाही. पहिल्यांदा दाखवल्यापासून 60 दिवसांत निदान व्हावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. हे साठ दिवस प्रत्येक तालुक्याने नोंदवहीत मोजावेत. पुढच्या उपचारांना महात्मा फुले योजना आहे, पण तिथवर बाई वेळेत पोचली पाहिजे.

आमच्या जिल्ह्याचं एक देणं आहे, त्याची आठवण करून देते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरचा मोठा अभ्यास याच जिल्ह्यात झाला. सव्वा लाखाहून जास्त बायका त्यात होत्या. हा कर्करोग ज्या विषाणूमुळे होतो, त्या एचपीव्हीच्या एकदाच केलेल्या चाचणीने त्या कर्करोगाचे मृत्यू निम्म्यावर येतात, हे 2009 साली त्यातून जगाला कळलं. शेतमजूर, अंगठा उठवणाऱ्या बायकांनी विश्वासाने तपासून घेतलं होतं. बायका येत नाहीत, हे कारण निदान आमच्याबाबतीत कुणी देऊ नये.

शेवटचं, वेळेचं. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि गुढीपाडव्याच्या आसपास परततात. त्या काळात ठेवलेल्या शिबिराला निम्मं गाव नसतं. उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंतचे महिने या कामाला द्या, आणि त्याचा आदेश शिमग्याच्या आत काढा.

आपली,
धाराशिव जिल्ह्यातली एक निवृत्त आरोग्य सेविका