व्हिट्सनच्या शाळेत लिहायला शिकवत नव्हते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिस्टलचा महापौर जॉन व्हिट्सन याच्यावरचा लेख वाचला. पहिल्या जेम्स राजाच्या काळातला, लंडनबाहेरचा एक पुढारी मराठी वाचकांपुढे आणावासा वाटला, याबद्दल लेखकाचं कौतुकच. पण त्यांनी व्हिट्सनला ‘जगातली पहिली मुलींची शाळा काढणारा’ ठरवलं आणि वर ‘इंग्लंडचे जोतिबा’ ही पदवीही देऊन टाकली. तिथे माझा चहा कपातच राहिला.

ही शाळा मी बाहेरून का होईना, पाहिली आहे. माझी मुलगी ब्रिस्टलला असते. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी तिच्याकडे होते. एका सकाळी बाजारातून येताना समोरून मुलींची लांबच लांब रांग कॅथीड्रलच्या दिशेने जाताना दिसली. अंगावर लाल झगे, डोक्यावर गवती टोप्या. पावसाची भुरभुर चालू होती. रांगेत मागे पडलेली एक चिमुरडी एका हाताने टोपी सावरत आणि दुसऱ्याने घसरलेला मोजा वर ओढत पळत होती. चाळीस वर्षं शाळेत काढलेल्या बाईला असं काही दिसलं की चौकशी केल्याशिवाय राहवत नाही. तो त्यांचा संस्थापक दिन होता. ७ नोव्हेंबर १६२६ रोजी एका माणसाने व्हिट्सनवर चाकूने वार केला होता, त्यातून तो वाचला, त्याची ही आठवण. म्हणजे हा दिवस ना त्याच्या जन्माचा, ना शाळा उघडल्याचा. तो जिवावरच्या दुखण्यातून उठल्याचा दिवस आहे. लेखात याचा उल्लेख नाही, याची चुटपुट लागली.

‘महापौर’ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक, वॉर्ड, नगरसेवकांची पळवापळवी उभी राहते. तेव्हाच्या ब्रिस्टलमध्ये यातलं काही नव्हतं. नगरसभेत मोजून ४३ माणसं, बहुतेक व्यापारी. एक वारला की उरलेलेच नवा निवडून घेत. गावाला कुणी विचारत नसे. महापौरही त्यांच्यातलाच, वर्षभरासाठी. हा बंद दरवाजा १८३५ च्या कायद्याने उघडला. व्हिट्सन त्या दरवाजाच्या आतला माणूस होता. १६०३ मध्ये आणि पुन्हा १६१५ मध्ये महापौर, १६०५ पासून वेळोवेळी पार्लमेंटात ब्रिस्टलचा प्रतिनिधी, शिवाय व्यापाऱ्यांच्या संघाचा अध्यक्ष. १६०३ मध्ये ब्रिस्टलच्या व्यापाऱ्यांनी मार्टिन प्रिंग या कप्तानाला दोन जहाजं देऊन अमेरिकेच्या किनाऱ्यावर पाठवलं, तेव्हा प्रिंगने तिथल्या एका उपसागराला व्हिट्सनचं नाव दिलं. हाच प्रिंग पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा ताफा घेऊन सुरतेला आला होता, हे जाता जाता.

तो मूळचा श्रीमंत नव्हता. ग्लॉस्टरशरमधल्या क्लिअरवेलहून आलेला हा पोरगा दारूच्या एका व्यापाऱ्याकडे उमेदवारीला राहिला. मालक वारल्यावर मालकिणीशी लग्न केलं आणि धंदा हाती आला. त्या लग्नाआधी दारूच्या तळघरात काय घडलं याची एक खमंग गोष्ट जॉन ऑब्री या चरित्रकाराने लिहून ठेवली आहे. ती आपल्या पुरवणीत छापण्याजोगी नाही. ऑब्री हा व्हिट्सनच्या तिसऱ्या बायकोचा नातू. घरातलाच माणूस असल्यामुळे त्याला बरंच ठाऊक होतं. व्हिट्सनचा मृत्यूही त्यानेच सांगितला आहे. घोड्याने पाडलं आणि लोहाराच्या दुकानाजवळ टोक वर करून पडलेल्या खिळ्यावर डोकं आपटलं. हे १६२९ सालचं. प्रेतयात्रेत नगरसभा होतीच, शिवाय त्याचं जितकं वय तितके गरीब म्हातारे-म्हाताऱ्या शोकाचे झगे घालून चालत होते, आणि शहराच्या शिपायांचे ढोल काळ्या कापडात गुंडाळले होते. ऑब्री तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा, म्हणजे हे त्याने घरच्यांकडूनच ऐकलेलं असणार.

आता शाळेकडे येते. व्हिट्सनच्या मुली त्याच्याआधीच गेल्या होत्या. मृत्युपत्रात त्याने चाळीस मुलींची सोय लावली. मुली कुणाच्या? ब्रिस्टलच्या ज्या नागरिकांना शहरात धंद्याचा हक्क होता, त्यांच्यातल्या मेलेल्या किंवा धंद्यात बुडालेल्यांच्या. शहरातल्या कुठल्याही गरिबाची मुलगी चालणार नव्हती. त्यांना एका सभ्य बाईच्या ताब्यात आठ वर्षं बांधून द्यायचं, इंग्रजी वाचायला आणि शिवणकाम शिकवायचं, आणि पोटापाण्याला हातभार लागेल असं काम करून घ्यायचं. अंगावर लाल कापड. लेखकांना त्यात ‘स्वातंत्र्याचा रंग’ दिसला. खरं तर धर्मादाय मुलांना तेव्हा ठरावीक रंगाचे कपडे देत, म्हणजे रस्त्यात कुणाचं दान चाललं आहे ते कळावं. मुलांच्या तशाच संस्थांमध्ये निळा रंग असे.

वाचायला आणि शिवायला. लिहायला नाही. त्या काळी वाचन आणि लेखन या दोन वेगळ्या शिकवण्या होत्या, आणि मुलींना बायबल वाचता आलं की पुरे असं भल्याभल्यांना वाटे. व्हिट्सनने काही वाईट केलं असं मी म्हणत नाही. १६३४ मध्ये त्या चाळीस मुलींना छप्पर आणि जेवण मिळालं, हे त्या काळात थोडंथोडकं नव्हतं. पण जोतिबा-सावित्रीबाईंशी तुलना करायची, तर मुक्ता साळवे आठवा. त्यांच्या शाळेतल्या या मांग समाजातल्या मुलीने १८५५ मध्ये निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदया’त छापून आला. पेशव्यांच्या राज्यात आपल्या लोकांचे काय हाल झाले ते तिने स्वतःच्या हाताने लिहिलं. व्हिट्सनच्या मुलीच्या हाती सुई होती. मुक्ताच्या हाती लेखणी होती. हे दोन्ही एका ओळीत बसवायचे, तर आधी हा फरक सांगायला हवा होता.

‘जगातली पहिली’ हेही खरं नाही. इटलीत ब्रेशा इथे अँजेला मेरिची यांनी १५३५ मध्ये उर्सुलाइन संघ स्थापला आणि त्या जोगिणी व्हिट्सनच्या कितीतरी आधी मुलींना शिकवत होत्या. व्हिट्सनच्या शाळेला ‘इंग्लंडमधली आजही चालू असलेली सर्वांत जुनी मुलींची शाळा’ म्हणतात, ते पुरेसं आहे. २०१७ मध्ये ती रेडलँड हायस्कूलशी जोडली गेली. आता तिथे फी भरून शिकतात, आणि मुली अर्थातच लिहितातही, विज्ञान-गणित सगळं करतात. व्हिट्सनच्या मृत्युपत्रात यातलं काही नव्हतं.

तेवढी एक दुरुस्तीची चौकट पुढच्या रविवारी छापावी, ही विनंती. आणि लेखात त्याच्या महापौरपदाची तारीख एकदा १६०३ आणि एकदा १६३० पडली आहे. १६३० मध्ये तो सेंट निकोलस चर्चमध्ये थडग्यात होता.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली